नऊ नंबरचा बिल्ला

"...पण नाव नाही, घर ठाऊक नाही, हातात नुसती एक खूण. मग त्या फाइलीला हुडकायचं तरी कसं, आक्का?"

आक्का तूर निवडत होत्या. सुपातला एक खडा उचलून त्यांनी उन्हाकडे धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"तू कसं हुडकलंस?"

हेमांगी ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. ओढणी मागं टाकून ती पुढं सरकून बसली.

आक्का ह्या टेकडीवरच्या आश्रमात राहायच्या. तरुणपणी त्यांनी कॉम्प्युटरच्या पोटातलं काम केलेलं. यंत्राच्या त्या आतल्या भागाला कर्नल म्हणतात. बाहेर कुणाला दिसत नाही, पण आतून सगळा कारभार तोच हाकतो. आता आक्कांचे केस पिकले होते, गुडघे धरले होते, तरी शिकायला येणारे येतच होते. त्यात हेमांगी सगळ्यात हुशार. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आज तिला आक्कांचा होकार हवा होता. तो मिळाला की तिनं लिहिलेलं काम शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात बसणार होतं. इस्पितळाची गाडी येऊन खाली जांभळाखाली थांबलीसुद्धा होती.

काम असं होतं. त्या इस्पितळात नव्या बाळांचे सगळे कागद एका मोठ्या यंत्रावर ठेवलेले. कुठलं बाळ, कुणाचं, रक्त कुठलं, औषध कुठलं. वॉर्डातल्या नर्सबाया आपापल्या यंत्रावरून ते मागवायच्या. पहिल्यांदा नाव सांगून मागायचं. मोठं यंत्र फाइल दाखवतं आणि वर एक खूण देतं. पुढच्या खेपेला नावाचं काम नाही, खूण दाखवली की झालं.

पण मोठं यंत्र कधी बंद पडायचं. पुन्हा चालू झालं की त्याला मागचं काहीच आठवायचं नाही. समोरून खूण यायची, आणि कर्नल म्हणायचा, खूण शिळी झाली. बाळ रडतंय, डॉक्टर ओरडताहेत, आणि पडद्यावर हे असं.

"मी ती कटकटच मिटवली," हेमांगी म्हणाली. "प्रत्येक खुणेत एक नंबर असतो. त्या नंबरावर जी फाइल असेल ती सरळ देऊन टाकायची. खूण जुनी का नवी, ते बघत बसायचं नाही. फाइल कुठल्या घरातली, म्हणजे कुठल्या फोल्डरातली, तिचं नाव काय, ते एकेक फोल्डर वर चढत शोधत बसायचं नाही. आता माझा कर्नल कधीच 'नाही' म्हणत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, आक्का. इथल्याच यंत्रांवर महिनाभर चालवून बघितलं. एक तक्रार नाही."

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"रेवू कुठंय तुझी?"

हेमांगीला वाटलं, आक्कांचं लक्ष नाही. म्हाताऱ्या माणसाचं असं होतं. रेवू तिची तीन वर्षांची मुलगी.

"खाली बालवाडीत. सकाळीच सोडलीय शेवंताताईंकडं."

"तिला नाव कुणी दिलं?"

"आम्हीच. म्हणजे मी."

"मग ते ठेवलंस कुठं?"

"काय कुठं ठेवलं?"

"नाव गं. तिच्या अंगावर ठेवलंस? फ्रॉकच्या खिशात?"

हेमांगी हसली. मग तिला कळेना, हसायचं होतं की नव्हतं.

"आक्का, गाडी थांबलीय..."

"थांबू दे. बिल्ला दे तिचा. मी घेऊन येते तिला, बघितली नाही बऱ्याच दिवसांत."

बालवाडीची रीतच होती तशी. आश्रमात शिकायला येणाऱ्या बाया आणि खालच्या मळ्यात राबणाऱ्या बाया, सगळ्यांची लेकरं तिथं. पोर सोडलं की शेवंताताई दोऱ्यात ओवलेला पितळी बिल्ला हातात द्यायची. नेताना तो दाखवायचा. कुणीही दाखवला तरी चालायचं, मावशीनं, आजोबानं. खुंटीवर पोराची पिशवी, खुंटीवर नंबर, तोच बिल्ल्यावर.

हेमांगीनं पर्समध्ये हात घातला. चाव्या, रुमाल, रेवूचं औषध... बोटाला दोरा लागला. तिनं न बघताच बिल्ला काढून आक्कांच्या हातात ठेवला. लाल दोरा, नऊ नंबर.

आक्कांनी बिल्ला उलटा केला, सुलटा केला. गुडघ्यावर हात देत उठल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

बराच वेळ झाला.

जांभळाखालून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हेमांगीनं मनातल्या मनात आक्कांचा होकार दोनतीनदा ऐकून घेतला.

मग आक्का आल्या. त्यांच्या बोटाला धरून एक मुलगा होता. नाक वाहत होतं, चड्डी एका बाजूला घसरलेली. दोनअडीच वर्षांचा असेल.

"घे."

"हा कोण?"

"नऊ नंबर."

"आक्का, ही रेवू नाही."

"नऊच्या खुंटीवर ह्याचीच पिशवी आहे."

"अहो, पण मला रेवू हवीय. हा मुलगा आहे."

"तुला रिकाम्या हातानं तर ठेवलं नाही ना? कुणीतरी दिलंच की."

हेमांगी उभी राहिली.

"रेवू कुठंय?"

"मला काय ठाऊक? तू बिल्ला दिलास, मी शेवंताला म्हटलं, नुसता नंबर बघ, आणि त्या नंबरावरचा आणला."

"आक्का, थट्टा नका ना करू..."

आक्का थट्टा करत नव्हत्या. त्या पुन्हा सुपापाशी बसल्या आणि तूर निवडायला लागल्या.

हेमांगीनं पर्स जमिनीवर उलटी केली. चाव्या पडल्या, औषधाची बाटली गडगडत गेली. आणि एक बिल्ला निघाला. हिरवा दोरा. चौदा नंबर. हा तर सकाळी शेवंताताईंनी दिलेला... मग तो नऊ कुठला?

"आक्का, हा बघा. हा घ्या, चौदा. रेवूला आणा."

आक्कांनी हात पुढं केला नाही.

"आधी ह्याला पोचव."

"मी?"

"तुझ्या खुणेवर आलाय तो."

"आधी रेवूला बघून येते. एकदाच."

"त्याला कडेवर घेऊन बघशील, का इथं टाकून?"

तो मुलगा टकमक बघत होता. हेमांगीला रडू यायला लागलं होतं आणि रागही येत होता, नि दोन्ही कुणावर काढायचं ते कळत नव्हतं. तिनं त्याच्यापुढं गुडघे टेकले.

"नाव काय रे तुझं?"

त्यानं बाहीला नाक पुसलं.

"सांग ना राजा. नाव?"

त्यानं पदर धरावा तसा तिचा कुर्ता धरला.

"त्याच्याजवळ नाही गं ते," आक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

"मग विचारू तरी काय ह्याला?"

आक्कांनी आणखी एक खडा बाजूला ठेवला.

हेमांगी मुलाकडं बघत राहिली. मग तिला जे सुचलं ते विचारलं, "कुणाचा रे तू?"

"आयचा," तो लगेच म्हणाला.

"आणि आई कुठंय?"

त्यानं हात खाली केला, मळ्याकडं.

तिनं त्याला कडेवर घेतलं. बालवाडीचं दार लोटलेलं होतं, आत बडबडगीत चाललं होतं. त्यात रेवूचा आवाज आहे का, हे ऐकायला ती थांबली. सगळी पोरं एकदम ओरडत होती, काही कळेना. आत जायला पाय उचलला, तर मुलानं मानेला मिठी घट्ट केली आणि पुन्हा मळ्याकडं बोट दाखवलं. ती तशीच पुढं गेली.

मळ्यात एक बाई मिरच्या तोडत होती. मुलानं तिच्याकडं अंग टाकलं, "आय."

बाईनं ओटीतल्या मिरच्या तशाच सोडल्या.

"काय झालं ह्याला? पडला का? ताप आला?"

"काही नाही झालं. तुम्ही कोण? मी ओळखत नाही तुम्हाला."

"मला वळखत न्हाई, आन् माझं पोर तुमच्या कडंवर कसं?" बाईनं मुलाला ओढूनच घेतलं. त्याचे हातपाय, डोकं, सगळं चाचपून बघितलं. "मी पारू. भाकऱ्या करती ना आश्रमात, सगुणा, तिची सून."

सगुणामावशी. तिला तर हेमांगी रोज बघायची. मनात कुठंतरी काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं. हा पारूचा, पारू सगुणामावशीची, मावशी आश्रमातली.

"आणि ह्याचं नाव?"

"मल्हारी. धाकला माझा. पर तुम्हाला दिला कुणी? बिल्ला तर माझ्यापाशी हाय."

पारूनं कमरेची पिशवी उघडून दाखवला. नऊ नंबर. हिरवा दोरा.

"माझ्याकडंही नऊच होता..." हेमांगी म्हणाली. "लाल दोऱ्याचा."

"लाल तर गेल्या सालचा. आवंदा हिरवा हाय. सालासालाला नंबर दुसऱ्याला जातो, म्हनून तर दोरा बदलत्यात. तुम्ही परत दिला न्हाई?"

नव्हता दिला. गेल्या वर्षी रेवू नऊवर होती. दिवाळीत तिला मधूनच काढून गावी नेलं, आणि बिल्ला पर्सच्या तळाशी राहून गेला. ती गेली तशी खुंटी रिकामी झाली, मग ह्या मल्हारीला मिळाली. खुंटी दुसऱ्याला देण्यात कुणाची काही चूक नव्हती.

"शिकल्यासवरल्या तुम्ही," पारू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पोराला तिनं छातीशी धरूनच ठेवलं होतं. "न्हाई म्हनायचं होतं बालवाडीवाल्यांनी. सरळ म्हनायचं, असलं पोर आमच्यात न्हाई. मी इथं मिरच्या तोडतीय, आन् कुनी बी यावं, जुना बिल्ला दावावा, माझं लेकरू घेऊन जावं?"

हेमांगीनं चौदाचा बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि ती मागं वळली.

परत येताना वाटेत ड्रायव्हर भेटला.

"मॅडम, निघायचं का? साहेबांचे दोन फोन येऊन गेले."

ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं ओळीनं पाळणे आले. एका पाळण्यातलं बाळ घरी गेलेलं, त्याच्या कागदांचा नंबर दुसऱ्या बाळाला दिलेला. नर्स जुनी खूण दाखवतेय, आणि कर्नल न अडखळता, न विचारता फाइल देतोय. दुसऱ्याचं रक्त, दुसऱ्याचं औषध. महिनाभरात एक तक्रार नाही... तक्रार करणार कोण होतं? सगळ्यांना काही ना काही मिळत होतं.

"आज नाही," ती म्हणाली.

"मग कधी सांगू?"

"माहीत नाही. साहेबांना सांगा, मी नाही म्हणाले."

ड्रायव्हरनं खांदे उडवले. गाडी वळली, धुरळा उडाला, बसला.

आक्का तशाच बसलेल्या. तूर निवडून होत आली होती. सुपात तूर एकीकडं, खडे एकीकडं.

हेमांगीनं लाल दोऱ्याचा बिल्ला मागून घेतला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"हा कुणाचा म्हणायचा आता?"

"कुणाचाच नाही."

"म्हणजे नर्सबाईला आधी तेच सांगायचं. दोरा जुना असेल तर, शिळी खूण, नाही म्हणून."

"हं."

"आणि दोरा नवा असेल, पण यंत्राला आठवत नसेल तर चढत जायचं. हा कुणाचा, ती कुणाची, असं करत. ओळखीचं माणूस लागेपर्यंत." ती थांबली. "पण आक्का, ओळखीचं कुणी लागलंच नाही तर? आणि मी वर चढतेय तोवर पारू मळा सोडून गेली असेल तर? आणि माझं पोर..."

एवढ्या वेळात कुणी रेवूला दाखवलं नव्हतं. हिरव्या दोऱ्याचा बिल्ला मुठीत धरून धरून तळहातावर चौदा उमटला होता.

"मला अजून नीट कळलं नाही, आक्का."

"दिसतंय."

"रेवूला आणू का?"

"बिल्ला इथं ठेव."

"बिल्ल्याशिवाय? शेवंताताई देणार नाहीत."

"ठेव इथं. आणि जागची हलू नकोस."

हेमांगीनं बिल्ला खाली ठेवला. मूठ रिकामी झाल्यावर तिला उघडं पडल्यासारखं वाटलं.

"आता हाक मार."

"इथून?"

आक्कांनी सूप उचललं. तूर हलकेच पाखडली.

हेमांगी ओसरीच्या कडेला आली.

"रेवू..."

खाली बडबडगीत थांबलं. लोटलेलं दार किलकिलं झालं. त्यातून एक लाल रिबीन आली, मग एक अनवाणी पाय, मग पायऱ्यांवर दोन्ही हात टेकत टेकत सगळी रेवूच वर आली. तोंडाला खडू लागलेला होता. मागून शेवंताताई धापा टाकत, "अगं थांब, बिल्ला कुठाय, बिल्ला..." करत येत होती.

रेवूनं आईच्या कुर्त्यात तोंड खुपसलं. पांढरा खडू सगळा कुर्त्याला लागला. हेमांगीनं तिचे खिसे बघितले, गळा बघितला, दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. कुठंच काही नव्हतं.

तिनं मान वर केली. "आक्का...?"

आक्का सुपातला शेवटचा खडा बोटानं बाजूला सारत होत्या.

"आता सांग, नाव कुठं ठेवलं होतंस?"