देवीच्या भुवया

फार जुन्या काळी नाईल नदीच्या काठी बास्तेत नावाच्या देवीचं देऊळ होतं. काळ्या दगडाची मूर्ती, तोंड मांजरीचं, भुवया ठसठशीत कोरलेल्या. घराघराची राखण हीच करते, असं लोक मानत. त्या देशात घरचं मांजर मेलं की सगळं घर भुवया भादरून सुतक पाळायचं.

देवळात नेफ्रा नावाची मांजर होती. कानात सोन्याची बाळी, पुढ्यात दुधाची वाटी. मागच्या धान्यकोठारात मिऊत नावाची दुसरी मांजर राहायची; फाटक्या कानाची, कुणाचीच नसलेली. उंदरांचा मात्र ती काळ होती.

नेफ्रा तिला हसायची. "अगं, तू मेलीस तर भुवया कोण भादरणार?"

"नाही भादरल्या तर नाही," मिऊत म्हणायची. "धान्य तर राहील ना!"

एका दुपारी नेफ्राच्या पिल्लांच्या टोपलीशी नाग आला. भीतीने नेफ्राची दातखीळच बसली. मिऊत कोठारातून धावत आली. तिने नागाची मान धरली ती सोडलीच नाही. नाग मेला, पण त्याआधी तिला डसला होता. पिल्लांकडे बघत बघत तिने डोळे मिटले.

देवळाची झाडलोट करणाऱ्या हेनूतने तिला कोठारामागे पुरलं आणि ती कामाला लागली. सुतक कुणीच धरलं नाही. नेफ्रा तेवढी दुधाला न शिवता बसून राहिली.

सकाळी हेनूतने गाभारा उघडला आणि ती जागच्या जागी थबकली. देवीच्या डोळ्यांवर भुवया नव्हत्या. तिथे नुसता गुळगुळीत दगड होता.

हेनूत वस्तरा शोधायला गेली.