आवडीच्या पानाचं मोल

श्री अच्युतनाथ महाराज त्या वर्षी भाद्रपदात कोकणपट्टीत संचार करत होते. फिरत फिरत ते खारवणे नावाच्या बंदरगावी आले. आज तिथे खाडीवर पूल आहे, माणसं मोटारीत बसल्या बसल्या पलीकडे जातात. माझ्या लहानपणी मात्र होडीशिवाय वाट नव्हती, आणि ओहोटीला खाडीत नुसता मांडीभर चिखल. भरती चढेपर्यंत होडी हलत नसे. सकाळी आलेला वाटसरू दुपार टळेपर्यंत धक्क्यावर बसून राही, आणि बसला की त्याला भूक लागे. ही हकिगत माझ्या लहानपणाच्याही आधीची. माझी आत्या त्या गावी दिलेली. तिच्या सासूबाईंनी हे सारं डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगताना त्यांचा आवाज दर वेळी त्याच एका जागी अडकायचा.

धक्क्यावर जेवणाच्या जागा दोन. एक दाजीशेट वाण्यांची खाणावळ, कौलारू, सारवलेली, स्वच्छ. तिथला नियम एकच, पैसा आधी आणि पान मागाहून. वाटसरूने पैसा दगडी उंबऱ्यावर वाजवून ठेवायचा. तो खणकला की आतून भात येई. दाजीशेट वाईट मनुष्य नव्हते. देवळात त्यांच्या तेलाची समई जळे. पण उंबऱ्यावरचा तो आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी कुणाला वाढलं नव्हतं, आणि ह्याचा त्यांना फार अभिमान होता.

दुसरी जागा म्हणजे आवडी खारविणीची झोपडी. ती पैसा मागत नसे. कुणी नारळ ठेवी, कुणी ओंजळभर तांदूळ, कुणी काहीच नाही. आवडीच्या पानाचं मोल निराळंच होतं. जेवून उठताना वाटसरूने मोठ्याने म्हणायचं, "पोट भरलं." कुणी संकोचाने तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर तिला बरोबर कळे, आणि ती आणखी एक डाव भात वाढी.

ह्यामागे तिचं दुःख होतं. नवरा फार पूर्वीच गेलेला. एकुलता एक मुलगा धाकू, बावीस वर्षांचा, गलबतावर खलाशी. महाराज यायच्या पाच वर्षं आधी, रात्रभर देवळापुढे सोंगांचे खेळे बघून तो पहाटे घरी आला. ओहोटीबरोबर गलबत सुटायचं होतं. आवडी संतापली. "जिथं रात्र काढलीस तिथंच गीळ जा," असं म्हणून तिने चुलीवरचं मडकं खाली उतरवून झाकून ठेवलं. धाकू उपाशीच निघून गेला. चौथ्या दिवशी समुद्रात वादळ झालं. ते गलबत पुन्हा कुठल्याही बंदराला लागलं नाही.

तेव्हापासून आवडी येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घाली, आणि त्यातून धाकूची वाटणी आधी वेगळी काढून आत झाकून ठेवी. दिवेलागणीला ती गाईला घाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढी. तिने त्याचं तर्पण केलं नव्हतं. पितृपक्षात सगळं गाव पान मांडी, ती मांडत नसे. पान मांडलं की पोर गेला हे तिच्याच तोंडाने म्हटल्यासारखं झालं असतं.

महाराज आले तोही पितृपक्षच होता. धक्क्यावर पंधरा-वीस माणसं भरतीची वाट बघत होती. महाराज आधी दाजीशेटांच्या ओटीवर जाऊन बसले.

"पैसा?" दाजीशेट म्हणाले.

"आमच्याकडे कुठला पैसा, शेट? भूक तेवढी आहे."

"मग तिकडे जा, बुवा. ती बघा झोपडी. तिथं नुसत्या बोलण्यावर भात मिळतो." दाजीशेटांनी बाकीच्यांकडे बघून डोळे मिचकावले. "काय गो आवडे, तुला गिऱ्हाईक पाठवतोय! 'पोट भरलं' म्हणेल आणि जाईल हो चालता."

लोक हसले. आवडी बाहेर आली, महाराजांच्या पायांवर तिने पाणी घातलं आणि म्हणाली, "बाबा, या. भात आहे, कुळथाची पिठी आहे. दुसरं काही नाही."

"दुसरं लागतंय कुणाला?" महाराज म्हणाले, आणि आत जाऊन पानावर बसले.

वाढलेलं सगळं संपवून त्यांनी पान स्वच्छ केलं. आवडी समोर उभी राहिली. महाराज 'पोट भरलं' म्हणेनात. तिने पुन्हा वाढलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा वाढलं. दारात माणसं जमू लागली, दाजीशेटही येऊन उभे राहिले. चुलीवरचं मडकं खरवडून झालं, तरी महाराज पानावर हात ठेवून बसून होते.

"बाबा, पोट भरलं ना?" आवडीने घाबरून विचारलं.

"नाही गं माय. अजून नाही."

"आता काहीच उरलं नाही, बाबा."

महाराज मान खाली घालूनच म्हणाले, "आत झाकून ठेवलं आहेस, ते आण."

आवडी मागे सरकली. ती भिंतीला टेकली. "ते नाही, बाबा. ते माझ्या पोराचं आहे."

"अरेरे!" दाजीशेट दारातून ओरडले. "बुवा, लाज आहे का काही? गरीब बाईच्या घरात शिरून बुडालेल्याचा घास मागता? आणि तू गो, पक्षात पान मांडत नाहीस आणि पाच वर्षं गाईला धाकू धाकू म्हणून चारतेस! उपाशी घालवलंस पोराला, आणि आता गावाला भात वाढतेस!"

कुणी हसलं नाही. एवढं बोलायला नको होतं, हे सगळ्यांना कळलं होतं. आवडीने पदर तोंडात धरला. महाराजांनी वर बघितलं, पण दाजीशेटांकडे नव्हे, तिच्याकडे.

"माय," ते अगदी हळू म्हणाले, "पाच वर्षं झाली. त्याला भूक लागली आहे. वाढ."

 बाहेर भरतीचं पाणी धक्क्याला लागायला लागलं होतं. शेवटी आवडी आत गेली, झाकलेलं मडकं घेऊन आली, आणि नवं पान मांडून तिने आपल्या हाताने धाकूची वाटणी महाराजांना वाढली. वाढताना ती रडत नव्हती. भात मात्र पानाबाहेर सांडत होता. महाराज तो सांडलेला एकेक दाणा वेचून खात होते.

शेवटचा घास संपला. महाराज पाणी प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले,

"आये, पोट भरलं गो."

तो आवाज महाराजांचा नव्हता! तो तरणा, जरा घोगरा, होडी वल्हवताना गाणं म्हणणाऱ्याचा आवाज साऱ्या बंदराने ओळखला. आत्याच्या सासूबाई इथेच थांबायच्या. मग पुन्हा तोच आवाज आला.

"दाजीशेट, आता तरी पैसा मागू नका."

आवडीने किंकाळी फोडली आणि ती जमिनीवर बसली. पोर गेला होता. पाच वर्षांनी ते तिला कळलं होतं. बायका तिला धरायला धावल्या. दाजीशेटांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्यांनी दाराची चौकट धरली होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि महाराजांपुढे गुडघ्यांवर आले.

"महाराज, मला क्षमा करा. त्या पहाटे तो माझ्याकडे आला होता. मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. आल्यावर देतो म्हणाला, नुसता भात मागत होता. मी म्हटलं, आधी उंबऱ्यावर पैसा वाजव. माझ्या दारातून उपाशी गेला हो तो."

ते पायांवर डोकं ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आम्ही कोण क्षमा करणार, शेट? जिच्या दारात आला आहात तिला विचारा. आणि जे सांगायचं राहिलं आहे, तेही तिलाच सांगा."

दाजीशेट वळले. ज्या बाईची ते रोज धक्क्यावरून हाका मारून टर उडवत, तिच्यापुढे ते तसेच गुडघ्यांवर सरकत गेले. त्यांना तिच्याकडे बघवेना.  मग आवडीनेच विचारलं. 

"माझ्यावर रागावला होता का, शेट?"

"नाही."

"खरं सांगा. मी त्याला गीळ जा म्हटलं होतं."

"नाही गो. हसत होता. म्हणाला, आईशी भांडून आलोय शेट, रात्रभर खेळे बघितले म्हणून चिडली आहे. आणि म्हणाला, ती चिडते ते मी जवळ असावं म्हणून. परत येताना तिला लुगडं आणतो, मग बघा कशी हसते." दाजीशेटांनी हातातली टोपी छातीशी धरली. "एवढंच बोलला, आणि पळत गेला. मी हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी त्याला परत पाठवलं हेही सांगावं लागलं असतं."

आवडीने डोळे मिटले. त्या पाच वर्षांत ती रडली नव्हती असं नाही. पण त्या दुपारी ती जशी रडली तशी आई आपल्या पोरासाठीच रडते, आपल्या अपराधासाठी नव्हे. केवढी ही महाराजांची करुणा! समुद्राने नेलेलं त्यांनी परत आणलं नाही, पण आईच्या काळजात रुतलेलं तिचं स्वतःचं वाक्य तेवढं काढून घेतलं.

होडीवाल्याने दोनदा हाक मारली. भरती पुरी चढली होती. कुणी उठलं नाही. महाराज एकटेच उठले, त्यांनी आपलं पान स्वतःच्या हाताने उचललं आणि ते खाडीकडे चालू लागले.

दाजीशेटांनी आवडीपुढे कपाळ जमिनीला टेकवलं होतं.  मग भाताने माखलेला आपला हात तिने पदराला पुसला आणि हळूच त्यांच्या डोक्यावर ठेवला.