ठिपकीनं ग्रहण पाहिलं

कोंबड्या अजून खुराड्यात राहायला आल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. तुरेराव कोंबडा आणि त्याची बायको ठिपकी यांनी डोंगरावर चढून खग्रास ग्रहण बघायचं ठरवलं. जन्मात पुन्हा दिसणार नव्हतं ते.

ठिपकी म्हणाली, "अहो, अंधार पडला की आपल्याला झोप येते. मुंगळ्याला बरोबर नेऊ. चावून जागं ठेवेल."

"मला चावणार? अगं, सूर्याला मी उठवतो!"

"बरं, मग मला एकटीला चावू दे."

माथ्यावर भरदुपारी अंधार झाला. तुरेराव उभ्याउभ्या घोरू लागला. मुंगळा ठिपकीला कडकडून चावला आणि तिनं काळ्या सूर्याभोवतीचं झगझगीत कडं डोळे भरून पाहिलं.

उजेड होताच तुरेराव आरवला, "ऊठ गं, सकाळ झाली! आज ग्रहण बघायचंय!"

"तुम्ही बसा बघत," सुजलेला पाय झटकत ठिपकी म्हणाली, "मी निघाले घरी."