ठकूआत्याचा पाळणा

घाटात मोटारीचा रस्ता झाला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा आंबेघोळला यायचं म्हणजे दीड डोंगर चढायचा आणि अर्धा उतरायचा. वाट अशी, की येणाऱ्या पाहुण्याचा पाय मुरगळायचाच, आणि गावात शिरल्यावर त्याचं पहिलं घर ठकूआत्याचं.

ठकूआत्या हाडं बसवायची. कुणाची आत्या म्हणाल, तर साऱ्या गावाची. हिरडे तोडायच्या दिवसांत माणसं झाडावरून पडायची, त्यांना घोंगडीत घालून तिच्या ओट्यावर आणायचे. ती डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायची आणि हाड कुठं सरकलंय ते तिला कळायचं. मग कढत करंजेल, बांबूच्या कामट्या आणि वर जुनेराची पट्टी. असं म्हणतात, एकदा तिनं मोडक्या पंखाच्या घारीलाही कामट्या बांधल्या, आणि ती घार पुढं वीस वर्षं तिच्या कौलांवर येऊन बसायची. घार एवढी जगते का, ते मला विचारू नका.

हात सोन्याचे, पण तोंडात सगळ्यांसाठी एकच औषध. कुणी कण्हलं की ती म्हणायची, "तुझं काय एवढं! त्या बाळोबाचा अख्खा पाय गेला, तरी हसतोय बघ." माणूस ओशाळून गप्प बसायचा. हळूहळू साऱ्या गावालाच ते वळण लागलं. दुखलं तरी आधी शेजारच्याचं बघायचं, आणि त्याचं मोठं निघालं की आपलं गिळायचं.

आत्या हे शिकली ती दरडीच्या साली. त्या श्रावणात डोंगर खचला आणि वरच्या वाडीतली अकरा माणसं मातीखाली गेली. त्याच दिवशी ठकूची नऊ दिवसांची पोर तापानं गेली. बारसंही व्हायचं होतं. गाव अकरा मयतं उचलत होतं, तिथं एका बिननावाच्या पोरीसाठी हाक कुणाला मारायची? बायका म्हणाल्या, "तुला दुसरं हुईल गं. त्यांची तर घरंच गेली." तिलाही ते पटलं. तिनं पोरीला परसात पुरलं, पाळणा माळ्यावर टाकला, पदर खोचला आणि जखमींची हाडं बसवायला गेली. दुसरं मूल काही झालं नाही. त्याबद्दलही ती कधी बोलली नाही.

अशी तीस वर्षं गेली. मग एके दिवशी गुरवांची धाकटी सून वेणू ओट्यावर आली. हंडा घेऊन पाणवठ्याच्या वाटेवर घसरली होती, मनगट सुजलं होतं. नेमका तेव्हाच कंबर मोडलेला एकजण आणला.

"बस बाजूला," आत्या म्हणाली. "त्याची कंबर गेलीय, अन् तू मनगट घिऊन आलीस? तुझं काय एवढं!"

वेणू दिवस कलेपर्यंत बसली आणि हळूच उठून घरी गेली.

महिन्यानं ती परत आली तेव्हा मनगट वाकडं जुळलं होतं. भाकरी थापता येईना, जात्याचा खुंटा धरवेना. सासूनं गाठोडं बांधून ठेवलं होतं, हात सरळ झाला नाही तर माहेरची वाट. आत्यानं एकदा अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. त्या दिवशी बसवलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं. आता जुळलेलं हाड पुन्हा मोडायचं होतं.

"दुखंल. वरडावं वाटलं तर वरड."

"न्हाई आत्ये," वेणू दात आवळून म्हणाली. "लोकांचे हात तुटून पडत्यात. माझं काय एवढं!"

असं म्हणतात, बैलाचा खांदा बसवणारे ते हात, पण तीनदा जोर लावला तरी ते एवढंसं हाड हललं नाही. पोरीनं सगळं अंगच आवळून धरलं होतं. आत्यानं तो हात मांडीवर घेतला, आणि जे तिनं उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"वेणू, किती दुखतंय गं?"

"लई दुखतंय, आत्ये. महिना झाला, दुखतंयच." आणि ती हमसाहमशी रडली. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "अन् तुमाला कुठं दुखतंय, आत्ये?"

"दरडीत अकरा माणसं गेली..." आत्यानं सवयीनं सुरुवात केली आणि ती थांबली. मग म्हणाली, "माझी पोर गेली. नऊ दिसांची व्हती."

तीस वर्षांचं रडणं होतं ते. ओटा ऐकत होता, गल्ली ऐकत होती. वेणूचा हात आत्याच्या मांडीवर सैल पडला होता, आणि त्या रडण्यातच आत्यानं अंगठा दाबला. हाड कट्कन सुटलं आणि जागच्या जागी बसलं.

वेणूच्या हाताच्या कामट्या सुटल्या तेव्हा आत्यानं त्या परसात, आपल्या पोरीला पुरलं होतं तिथं खोवल्या. असं म्हणतात, त्या चिरलेल्या, वाळलेल्या कामट्यांना कोंब फुटले. आंबेघोळचं बांबूचं बेट ते हेच.

पुढच्या श्रावणात वेणूनं माळ्यावरचा पाळणा काढून त्या बेटात टांगला. भाकऱ्या थापणाऱ्या हातांनीच दोरी बांधली. पण ती पहिल्यांदा ओढली वरच्या वाडीच्या म्हाताऱ्या कोंडाबाईनं. दरडीत तिचं सगळं घर गेलं होतं. आता ही काय बोलते म्हणून जमलेल्या बायका तिच्याकडं बघत राहिल्या. कोंडाबाई एवढंच म्हणाली, "ठकू, पोरीचं नाव काय ठिवायचं गं?"

आता रस्ता झाला, दवाखाना झाला, हाडं बसवणारं कुणी उरलं नाही. पण श्रावणात दरडीच्या दिवशी बेटात पाळणा टांगतात. ज्याला जे दुखतं ते तो दोरी ओढून सांगतो, आणि बाकीचे नुसते "हो रे बाबा", "हो गं बाई" म्हणतात. "काय एवढं" असं कुणाच्या तोंडून निसटलं, तर त्यानं दिवसभर साऱ्यांना पाणी वाढायचं. शेवटी सगळ्यात म्हातारी बाई कोंडाबाईचा प्रश्न विचारते, कुणीतरी एक नाव सुचवतं, आणि साऱ्याजणी त्या रिकाम्या पाळण्यात वाकून "कुर्रर्र" करतात.