घाटातली गाडी आणि कोंडाबाईची कळशी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी गाड्या दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद राहत असत, रसूलचाचा त्यांचं नाव. त्यांचा शिष्य हणमंत. त्याच गावात सर्जेराव आणि त्याची म्हातारी आई कोंडाबाई; तिचा धाकटा लेक पोटासाठी परमुलखात गेलेला. सर्जेराव आपल्या जुन्या गाडीतून घाटावरच्या शाळेत पोरं पोचवी, त्यावर त्यांचा चरितार्थ.

दिवाळीनंतर गाडीला खोड लागली. चढावर इंजिन मध्येच अडखळायचं, लंगडत चालायचं. गॅरेजात आणली की गुणी सुनेसारखी गप्प. हणमंतानं प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलची जाळी बदलली. तीनदा म्हणाला, "आता बिनघोर जा." तीनदा गाडी घाटात थांबली. मग पोरांच्या आईबापांनी निर्वाणीचं सांगितलं, आणखी एकदा अडली तर आमची पोरं दुसऱ्याच्या गाडीत बसतील.

चाचांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "सर्जेराव, आम्हा दोघांना चार दिवस पाहुणे ठेवून घेशील?"

दोन दिवस गेले. गाडी सुतासारखी सरळ.

"चाचा, आपण भाकरीच मोडायला आलोय का?" हणमंत कुरकुरला.

"मोड गप. कालवण बरं आहे."

तिसऱ्या दिवशी चतुर्थी. पहाटे कोंडाबाईनं बॉनेटवर कळशीभर पाणी ओतलं, हळदकुंकू वाहिलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचा नेम चुकत नसे. घाटातल्या वाड्यांवरची पोरं घ्यायला रिकामी गाडी निघाली, चाचा आणि हणमंत मागे बसले. पहिल्याच चढाला इंजिन अडखळलं.

"थांबव," चाचा म्हणाले.

त्यांनी एका प्लगवरची रबरी टोपी उपसली. टोपीला केसाएवढी चीर, आत पाणी. बॉनेटच्या फटीतून उतरलेलं. इंजिन तापलं की ते वाळे, आणि दुपारी हणमंतापुढं गाडी कोरडी उभी राही.

हणमंताची मान खाली गेली. "मी सगळं उघडून पाहिलं होतं, चाचा."

"गाडी पाहिलीस बाबा, गाडीचा दिवस नाही पाहिलास. येणारंजाणारं दुखणं वैद्याच्या ओसरीवर सापडत नाही. ते जिथं येतं तिथं जाऊन, ते येईपर्यंत धीरानं बसावं लागतं."

टोपी पुसून पोरं शाळेत पोचवली. घरी कळलं तेव्हा कोंडाबाईनं कळशी कोपऱ्यात सारली. "गाडी अडायला लागली म्हणून मी तांब्याभर पाण्याऐवजी कळशीभर ओतायला लागले. म्हणजे माझ्याच हातानं?"

"नाही ताई. चीर रबराला होती, तुमच्या भक्तीला नाही," चाचा म्हणाले. हणमंतानं नवी टोपी बसवली. मग चाचांनी तिच्याच हातून भरली कळशी पुन्हा ओतवली. गाडी एका दमात घाट चढली.

एकही पोर दुसऱ्याच्या गाडीत गेलं नाही. पुढच्या जूनमध्ये वरच्या वाडीची पोरं आली आणि दुसरी गाडी घ्यावी लागली. ती चालवायला सर्जेरावचा धाकटा भाऊ परमुलखातून घरी परतला. कित्येक वर्षांनी कोंडाबाईनं दोन्ही लेकांची ताटं शेजारी शेजारी वाढली.