चहावर सांगितलेलं खरं

एका गावात, जिथे भाताच्या खाचरांवर आता संगणकाच्या कंपन्या उभ्या आहेत, मृण्मयी नावाची एक मुलगी राहत होती. शिक्षण संगणकाचं, गुण उत्तम आणि नोकरीचा पत्ता नाही. अर्ज करून करून बोटं झिजली. आई तोंडाने काही बोलायची नाही, पण स्थळं घेऊन येणाऱ्या मावशीला हल्ली चहा फार लवकर मिळायला लागला होता. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर मावशीचं ऐकायचं, असं घरात ठरलं होतं.

शेवटी कॉलेजातल्या मॅडमनी तिला वाट दाखवली. "नोकरी मागायला जाऊ नकोस. तुला हवं ते काम करणाऱ्या माणसांना भेट आणि त्यांचं काम कसं चालतं ते विचार. नोकरीचं नाव काढलं की माणसं पळतात, पण स्वतःच्या कामाबद्दल भरभरून बोलतात."

मृण्मयीने बऱ्याच जणांना निरोप पाठवले. बहुतेकांनी वाचून सोडून दिले. आले ते एकटे दिगंबर सोनटक्के, तिच्याच कॉलेजात पूर्वी शिकलेले आणि आता एका मोठ्या कंपनीत टेस्टिंग टीमचे, म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांचे, प्रमुख. कंपनीसमोरच्या टपरीवर त्यांनी तिला चहा पाजला आणि हातचं काही राखून न ठेवता बोलले. काय शिकावं, काय नुसतं शोभेचं आहे, मुलाखतीत काय विचारतात, सगळं सांगितलं. तिचा बायोडेटाही पेन घेऊन दुरुस्त करून दिला.

"आणि दादा, तुमच्या टीमची खरी अडचण काय?" तिने विचारलं.

दिगंबरांनी कप खाली ठेवला. "वेळ. ग्राहकाला तारीख दिलेली असते. मग वरून हुकूम येतो आणि आम्ही निम्म्या टेस्ट न करताच झाल्या म्हणून दाखवतो. झोप लागत नाही गं मला. पण हे आपल्यातच ठेव हं."

"माझ्या पोटातच राहील, दादा," मृण्मयी म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

दिगंबरांनीच तिचं नाव पुढे केलं आणि तिला त्याच कंपनीतून बोलावणं आलं. मुलाखत बरी चालली होती, पण नुसतीच बरी. तिच्या आधीची मुलगी हसत बाहेर पडलेली तिने पाहिली होती. शेवटी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आमच्याबद्दल काय माहिती काढलीत?"

हीच वेळ आहे, असं मृण्मयीला वाटलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे निम्म्या टेस्ट न करताच झाल्या म्हणून दाखवतात. मी ते सुधारू शकेन."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

गप्प राहता आलं असतं. कुठेतरी ऐकलं, असं म्हणता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे मावशी उभी राहिली आणि तिने नाव सांगून टाकलं.

कंपनीची गुपितं बाहेर फोडल्याचा ठपका ठेवून दिगंबरांना राजीनामा द्यायला लावला. नेमणूक मृण्मयीची झाली. विचारल्याबरोबर नाव सांगणारी माणसं साहेबांना आवडायची.

तिने रडत रडत दिगंबरांना फोन केला. ते चिडले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "कॉलेजातली आणखी चार मुलं मला भेटायला येणार होती," ते म्हणाले. "त्यांना नाही म्हणून कळवलंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्याच महिन्यात ग्राहकाची तारीख आली. साहेबांचा हुकूम सुटला आणि मृण्मयीने मुकाट्याने निम्म्या टेस्ट न करताच झाल्या म्हणून दाखवल्या. सुधारणेचं नाव काढायची तिची टाप नव्हती. तिने शेजारच्या टेबलावरच्या अविराजला हळूच विचारलं, "इथे याला कधी कोणी नाही म्हणालं का हो?"

त्याने मान वर केली नाही. "मला काही विचारू नका, मॅडम. मला दोन मुलं आहेत."

तात्पर्य: विश्वासाने सांगितलेली गोष्ट जो आपल्या फायद्यासाठी विकतो, त्याला नोकरी मिळेल, पण त्याच्याशी खरं बोलणारं माणूस त्याला पुन्हा मिळत नाही.