सोनेरी वर्खाचा विडा

एका राज्यात न्यायसभेच्या मधोमध एक पांढरी शिळा होती. तिच्यावर उभे राहिले की कुणाला खोटे बोलता येत नसे. आरोपी, साक्षीदार, सगळे तिच्यावर चढत. न्यायाधीश तेवढे आसनावर बसत. त्यांना कोण विचारणार?

त्याच राज्यात कर्कोट नावाचा मांत्रिक होता. त्याची माणसे बाजारात हप्ता मागत. जो नाही म्हणे, तो उभ्या जागी दगड होई. दर दसऱ्याला कर्कोट दरबारी मंडळींकडे सोनेरी वर्खाचा विडा धाडी. तो खाल्ला की निवाड्यापुरती जीभ कर्कोटाची. कोतवालाने खाल्ला, अमात्याने खाल्ला. लेकीची वरात कर्कोटाच्या वेशीतून सुखरूप जावी म्हणून न्यायाधीश वामदेवांनीही खाल्ला. एका विड्याने काय होतंय, असे त्यांना वाटले.

अकरा वर्षे झाली. वामदेव आता पार थकले होते. निवाड्याला तोंड उघडले की एकच निघे, "पुरावा नाही."

वामदेवांनी विडा खाल्ला त्याच साली सगुणा कुंभारणीचा नवरा दगड झाला होता. पहिल्या खेपेला तिने साक्षीदार आणले. दुसऱ्या खेपेला साक्षीदारही दगड झालेले, म्हणून एकटीच आली. तिसऱ्या खेपेला तिने नवऱ्यालाच बैलगाडीत घालून आणले. सोबत बारा वर्षांची लेक होती.

"महाराज, हा घ्या पुरावा. हातात अजून माझी भाकरी आहे."

"पुरावा नाही," जीभ म्हणाली. वामदेवांना स्वतःचीच शिसारी आली.

तुळईवर एक म्हातारी साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "वामदेवा, शिळेवर चढ."

"न्यायाधीश तिथे चढत नाहीत."

"कर्कोटालाही ते ठाऊक आहे."

वामदेव उठले. "लेकीच्या सासरचा विचार करा!" कोतवाल ओरडला. वामदेव शिळेवर चढले.

"मी विडा खाल्ला," ते म्हणाले. "याला कर्कोटाने दगड केलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधी शिक्षा मला, मग त्याला."

जिभेवरचा वर्ख गळून पडला. खरा निवाडा होताच मंत्र उलटला, आणि तिकडे महालात कर्कोट जेवता जेवता दगड झाला. इकडे गाडीतल्या कुंभाराने भाकरीचा घास चावला आणि इकडेतिकडे पाहिले.

"सगुणा, ही पोर कुणाची गं?"

सगुणेला हुंदका आवरेना. वामदेव अजून शिळेवरच होते.

"तुझीच," ते म्हणाले. "पाळण्यात होती तेव्हापासूनची तिची अकरा वर्षं मी खाल्ली."

मग त्यांनी स्वतःच बेड्यांसाठी हात पुढे केले. तेव्हापासून त्या राज्यात न्यायाधीश रोज सकाळी आधी शिळेवर उभे राहतात, आणि मगच आसनावर बसतात.